खेळण्यातील रणगाडा आणि त्याची बॅटरी

आमच्या शाळेत दरवर्षी विज्ञान प्रदर्शन भरते आणि मांडणीची व्यवस्था पाहण्याचे काम बहुधा आमच्याकडे येते. वास्तविक आम्ही कला शाखेचे. परंतु टेबले, चादरी आणि विजेच्या तारा यांची सोय लावण्यास पदवी कोणत्या शाखेची, हे कोणी विचारीत नाही. गेल्या वर्षी प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी नववीतील एक विद्यार्थी आपला बिनतारी यंत्रणेने चालणारा रणगाडा घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. शर्मन ह्या प्रसिद्ध अमेरिकन रणगाड्याची ती प्रतिकृती, खऱ्याच्या एकसोळांश मापाची, फूटभराहून थोडी लांब. मुलाची तक्रार एवढीच होती, की रणगाड्याच्या पोटाचे झाकण बसत नाही. काल बसत होते.

आम्ही आत पाहिले. बॅटरीची चपटी, चकचकीत पिशवी पुरीसारखी फुगली होती आणि हाताला कोमट लागत होती. ती रात्रभर चार्जरला लावून ठेवली होती, असे त्याने सांगितले. आम्हांस त्या विषयाचे फारसे ज्ञान नव्हते. तथापि फुगलेली वस्तू गर्दीत ठेवू नये, एवढे समजत होते. रणगाडा तसाच उचलून आम्ही मागच्या अंगणात नेला, बॅटरीची तार सोडवली, पिशवी हळूच बाहेर काढून वाळूने भरलेल्या मातीच्या कुंडीत ठेवली आणि मुलांना तेथून दूर केले. थोड्या वेळाने विज्ञानाचे शिक्षक आले. त्यांनी कुंडीत डोकावून पाहिले आणि म्हणाले, "हिला टोचू नका, दाबू नका आणि पुन्हा चार्जरजवळ नेऊ नका. आणखी एखादा तास घरी राहिली असती, तर कदाचित पेटली असती."

आम्ही मुलाला विचारले, "अरे, हा चार्जर ह्याच बॅटरीचा का?" तो म्हणाला, "सर, चार्जर रणगाड्याबरोबर आला होता. जुनी बॅटरी गेली म्हणून मामांनी ही नवी आणली. पिन बरोबर बसली म्हणून लावली."

पिन बरोबर बसली, हे त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. अशा रणगाड्यांच्या बॅटऱ्यांना पांढऱ्या प्लॅस्टिकचे दोन खाचांचे जे टोक असते, त्यास तामिया ह्या जपानी कंपनीच्या नावावरून तामिया कनेक्टर म्हणतात. ह्याच कंपनीने १९७४ साली एकसोळांश मापाचे बिनतारी रणगाडे विक्रीस आणले. पुढे तिच्या कनेक्टरचा प्रसार इतका झाला, की अनेक देशांतील अनेक कारखान्यांनी तोच उचलला. ही गोष्ट सोयीची खरी. परंतु त्या कनेक्टरमागे कोणत्या जातीची बॅटरी आहे, हे त्यावरून मुळीच कळत नाही. अगदी भिन्न स्वभावाच्या बॅटऱ्या एकाच खाचेत बसतात, आणि एकीसाठी बनवलेला चार्जर दुसरीस निमूटपणे वीज पाजीत राहतो. त्या दिवसानंतर आम्ही विज्ञानाच्या शिक्षकांकडे बसून हा विषय समजून घेतला. ज्या घरांत अशी खेळणी आहेत अथवा येऊ घातली आहेत, तेथील मुलांच्या व पालकांच्या उपयोगी पडावे म्हणून ते येथे मांडीत आहो.

प्रथम रणगाडा बॅटरीकडून काय मागतो ते पाहू. मोटारीस पुढची चाके वळवून दिशा बदलता येते. रणगाड्यास तशी वळणारी चाके नसतात. त्याचे दोन्ही पट्टे नेहमी सरळच फिरतात. तेव्हा डावीकडे वळायचे म्हणजे डावा पट्टा थांबवायचा किंवा उलटा फिरवायचा आणि उजवा पुढे न्यायचा. असे करताना पट्ट्यांची सारी लांबी जमिनीवर आडवी घासत जाते. सतरंजीवर अथवा गवतावर हे घर्षण फार मोठे असते. प्रतिकृतीत प्रत्येक पट्ट्यास एकेक विद्युत् मोटर असते. रणगाडा सरळ चालत असता ह्या मोटरी बेताचाच प्रवाह घेतात; वळताना मात्र त्यांचा वेग मंदावतो आणि त्या कितीतरी अधिक प्रवाह ओढू लागतात. पट्ट्यात खडा अडकून मोटर जागच्या जागी थांबली, तर प्रवाह सर्वांत जास्त. ह्याखेरीज बुरूज फिरवणारी मोटर, तोफ वरखाली करणारी मोटर, इंजिनाची घरघर ऐकवणारा ध्वनिक्षेपक, आणि काही नमुन्यांत तेल तापवून धूर काढणारी लहानशी तार, ही सारी मंडळी त्याच एका बॅटरीच्या पंक्तीस बसलेली असतात.

म्हणून रणगाडा वळताना आवाज एकाएकी बंद पडणे, रणगाडा क्षणभर मेल्यासारखा थांबणे आणि पुन्हा आपोआप "इंजिन" सुरू होणे, हा अनुभव पुष्कळांस येतो. रेडिओ बिघडला असे समजून कित्येकजण तो दुरुस्तीस नेतात. बहुतेक वेळा दोष बॅटरीचा अथवा तिच्या जोडणीचा असतो. प्रत्येक बॅटरीच्या पोटात विजेस थोडासा अंतर्गत विरोध असतो. प्रवाह वाढला की त्या विरोधात काही दाब खर्ची पडतो व बाहेर मिळणारा दाब उतरतो. तो फार उतरला की रणगाड्यातील इलेक्ट्रॉनिक पाटी भान हरपते आणि दाब सावरताच पुन्हा जागी होते. परीक्षा सोपी आहे. रणगाडा एखाद्या डब्यावर ठेवून पट्टे अधांतरी फिरवून पाहावेत. तसे ते सुरळीत फिरत असतील आणि सतरंजीवर वळतानाच गाडी बंद पडत असेल, तर रेडिओला बोल लावू नये.

खऱ्या रणगाड्यांनाही बॅटरीची काळजी असतेच. शर्मनमध्ये मुख्य इंजिनाखेरीज पेट्रोलवर चालणारे एक लहानसे जनित्र बसवलेले असे. मोठे इंजिन बंद ठेवून दबा धरून बसावे लागले, तर बुरूज फिरवण्यास व बिनतारी संदेशास लागणारी वीज बॅटऱ्या पुरवीत आणि हे जनित्र त्या बॅटऱ्यांचा भरणा करी. १९६५ च्या युद्धात असल उत्तर येथे पॅटन रणगाड्यांशी झुंजलेल्या आपल्या सैन्याजवळ शर्मनही होते. ज्यांना असे रणगाडे प्रत्यक्ष पाहावयाचे असतील त्यांनी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालय अवश्य पाहावे. आमच्या सहलीत मुले तेथून हलता हलेनात.

आता बॅटरीवरील आकडे वाचावयास शिकू. तिच्या वेष्टनावर साधारणतः दोन संख्या असतात. ७.२ व्होल्ट हा विजेचा दाब. विहिरीवरील टाकी जितकी उंच तितका नळाचा जोर अधिक, तसेच हे समजावे. १८०० मिलिअँपिअर-तास हा साठा, म्हणजे टाकीत पाणी किती. १००० मिलिअँपिअर म्हणजे १ अँपिअर. तेव्हा ही बॅटरी १.८ अँपिअरचा प्रवाह सुमारे एक तास देईल. समजा, खेळताना सरासरी ३ अँपिअर प्रवाह लागला, तर १.८ भागिले ३, म्हणजे ०.६ तास, अर्थात ३६ मिनिटे खेळ चालेल. दाब आणि साठा यांचा गुणाकार केला की एकूण ऊर्जा वॉट-तासांत मिळते. ७.२ गुणिले १.८ म्हणजे जवळजवळ १३ वॉट-तास.

ह्या गुणाकाराने एक भ्रम दूर होतो. दुकानदार लिथियमची बॅटरी दाखवून म्हणतो, "ही ताकदवान." परंतु ७.४ व्होल्टची, १८०० मिलिअँपिअर-तासांचीच लिथियम बॅटरी घेतली, तर गुणाकार १३.३ येतो. ऊर्जा जवळपास तेवढीच. फरक पडतो तो वजनात. रणगाड्यात वापरतात तो जाड निकेल घटांचा सहांचा संच साडेतीनशे ग्रॅमांच्या पुढे जातो; लिथियमच्या तशाच कामाच्या पिशवीचे वजन त्याच्या निम्म्याहून कमी असते. विमानाच्या प्रतिकृतीत ग्रॅम ग्रॅम मोजावा लागतो, तेथे हा गुण अमोल आहे. रणगाड्यास त्याचे काय? प्रतिकृतीच स्वतः तीन-चार किलोंची. तिच्या तळाशी दोनशे ग्रॅम अधिक पडले तर पट्ट्यांची पकड सुधारेल, बिघडणार काहीच नाही. विमानासाठी जो गुण सोन्याच्या मोलाचा, त्याच्यासाठी रणगाड्याच्या मालकाने धोका पत्करावा, हे आम्हांस पटत नाही.

काही लिथियम बॅटऱ्यांवर तिसरा आकडा असतो: २० सी, ३० सी असा. साठ्याच्या किती पट प्रवाह ती देऊ शकते, हे तो सांगतो. २००० मिलिअँपिअर-तासांची २० सी बॅटरी म्हणजे ४० अँपिअर. शर्यतीच्या मोटारीस त्याची गरज पडेल. खेळण्यातील रणगाड्यास इतका प्रवाह कधीच लागत नाही, तेव्हा मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ होय. साठ्याच्या आकड्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये. एकाच आकाराच्या व वजनाच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवर दुप्पट साठा लिहिलेला असेल, तर बहुधा तो केवळ शाईचा साठा असतो.

दाबाच्या बाबतीत मात्र तडजोड नको. रणगाडा ७.२ व्होल्टचा असेल तर तीन लिथियम घटांची ११.१ व्होल्टची बॅटरी त्यात घालू नये. पूर्ण भरलेली असता ती १२.६ व्होल्ट देते. पहिली पाच मिनिटे रणगाडा वाऱ्यासारखा धावतो व मुलास मोठा आनंद होतो. पुढे मोटरी तापतात आणि इलेक्ट्रॉनिक पाटीचा जळका वास येतो. त्या पाटीची किंमत चांगल्या बॅटरीहून अधिक असते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

बाजारात ज्या जाती आढळतात त्यांचा इतिहासही मनोरंजक आहे. निकेल-कॅडमियमचा घट स्वीडनमधील युंगनर ह्या संशोधकाने १८९९ साली बनवला. प्रतिकृतींच्या छंदात कित्येक वर्षे त्याचेच राज्य होते. काटक, मोठा प्रवाह देणारा, मार खाणारा. परंतु कॅडमियम विषारी असल्याने तो आता मागे पडला आहे. त्याची जागा निकेल-मेटल हायड्राइडने घेतली. १९८९ च्या सुमारास हे घट बाजारात आले. दोन्ही जातींत प्रत्येक घटाचा दाब १.२ व्होल्ट; असे सहा घट एकापुढे एक जोडले की ७.२ व्होल्ट होतात. लिथियम-आयन घट सोनी कंपनीने १९९१ साली प्रथम विक्रीस आणले, आणि त्यामागील संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या घटाचा दाब सुमारे ३.७ व्होल्ट, दोन घटांत ७.४ व्होल्ट साधतात. चिनी बनावटीचे हेंग लाँग रणगाडे, जे छंदप्रेमींत पुष्कळ प्रचलित आहेत, पूर्वी ७.२ व्होल्टच्या निकेल बॅटरीसह येत; अलीकडचे ७.४ व्होल्टच्या लिथियमसह येतात. म्हणजे एकाच कंपनीच्या, बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन रणगाड्यांचे चार्जर वेगळे. थोरल्या भावाच्या खोक्यातील चार्जर धाकट्याच्या रणगाड्यास चालेलच असे नाही.

लिथियममध्येही पोटजाती आहेत. नळकांडीच्या आकाराचे, धातूच्या कवचातले घट एक. त्यांवर १८६५० असा आकडा दिसतो. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी एवढाच त्याचा अर्थ. दुसरी मऊ पिशवीतली, जिला लिथियम-पॉलिमर म्हणतात; आमच्या कुंडीत गेली ती हीच. तिसरी लिथियम-लोह-फॉस्फेटची. हिचा दाब घटामागे ३.२ व्होल्टच, म्हणून दोन घटांवर रणगाडा किंचित मंद चालतो. पण उष्णता सोसण्यात व न पेटण्यात ही आपल्या दोन्ही बहिणींपेक्षा पुष्कळ शहाणी आहे. मात्र चार्जर तिलाही तिचाच हवा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चुकीच्या चार्जरने बॅटरी का फुगली?

निकेलचा घट भरला आणि तरीही वीज चालूच राहिली, तर आत ऑक्सिजन वायू निर्माण होतो. घटाची रचना अशी असते, की हा वायू दुसऱ्या ध्रुवावर जाऊन पुन्हा मुरतो आणि जादा विजेची उष्णता होऊन जाते. भरणा मंद असेल तर घट ही उष्णता सोसतो. रणगाड्याबरोबर येणारे स्वस्त चार्जर ह्याच सहनशीलतेवर विसंबून असतात. त्यांत थांबण्याची अक्कल नसते; कितीही वेळ लावून ठेवा, ते वीज सोडीतच राहतात. हिशोब आपणच करावयाचा. चार्जरवर २५० मिलिअँपिअर लिहिले आहे, बॅटरी १८०० ची आहे. १८०० भागिले २५० म्हणजे ७.२ तास. परंतु दिलेली सारी वीज साठत नाही, म्हणून सुमारे दीडपट धरावे, की साधारण दहा-अकरा तास होतात. बॅटरी पूर्ण रिकामी असेल तरच हा काळ. अर्धवट वापरलेली बॅटरी पुन्हा रात्रभर लावली, तर ती तापून तिचे आयुष्य उणे होते, इतकेच; सहसा घात होत नाही.

चांगले चार्जर असतात ते निकेलची एक खूण ओळखतात. भरत असता बॅटरीचा दाब चढत जातो आणि ती तुडुंब होताच किंचित खाली येतो. ही बारीक उतरण दिसली की चार्जर थांबतो. असा एक चार्जर घेतला, तर तीन स्वस्त बॅटऱ्यांचे पैसे वाचतात, असे आमचे मत झाले आहे.

लिथियमच्या घटात ही उतरणही नाही आणि वायू मुरवण्याची ती सोयही नाही. ४.२ व्होल्टपर्यंत घट भरला की थांबलेच पाहिजे. त्यापुढे वीज रेटली, तर ऋण ध्रुवावर लिथियम धातूची पुटे चढतात, धन ध्रुवाची रचना ढासळून ऑक्सिजन सुटू लागतो, आणि आतील द्रव, जो मुळात ज्वालाग्राही आहे, कुजल्यासारखा विघटित होऊन वायू सोडतो. पिशवी फुगते ती ह्या वायूने. एका मर्यादेपलीकडे ही क्रिया आपल्याच उष्णतेने भडकत जाते आणि मग चार्जर काढूनही ती थांबत नाही. म्हणून लिथियमचा चार्जर आधी ठरावीक प्रवाहाने भरतो आणि दाब ४.२ व्होल्टला पोहोचला की तो तेथेच धरून प्रवाह कमी कमी करीत आणतो. पॉलिमरच्या बॅटरीस मुख्य तारांखेरीज बारीक तारांचे एक पांढरे टोक असते; तिच्यातून चार्जर प्रत्येक घटाचा दाब स्वतंत्र पाहतो. हे टोक निरर्थक समजून कापून टाकणारे महाभागही आहेत. त्यांच्या घरी आम्ही मुक्कामास जाणार नाही.

भरताना जसा घोटाळा होतो तसाच रिकामी करतानाही होतो, आणि तो अधिक छुपा आहे. निकेलची बॅटरी संपत आली की रणगाडा रखडू लागतो. मुलाला कळते आणि खेळ थांबतो. घटामागे १ व्होल्टच्या खाली तिला पिळू नये, पण एखाद्या वेळी पिळली गेली तर ती बहुधा सावरते. लिथियमची बॅटरी मात्र शेवटपर्यंत जोमाने पळवते आणि मग एकदम कोसळते. घटाचा दाब ३ व्होल्टच्या खाली गेला, तर आत कायमची इजा होते. तशी बॅटरी पुन्हा भरणे धोक्याचे. अलीकडच्या कित्येक रणगाड्यांत अथवा बॅटरीच्या वेष्टनातच दाब उतरताच वीज तोडणारी पाटी असते. जुन्या, निकेलसाठी बनवलेल्या रणगाड्यांत ती नसते. अशा रणगाड्यात लिथियम घालावयाचीच असेल, तर त्या बारीक तारांच्या टोकाला लावण्याचे एक चिमुकले सूचक यंत्र मिळते. घटामागे साडेतीन व्होल्ट झाले की ते कर्कश ओरडते. त्याचा आवाज फार वाईट आहे, आणि तो तसाच हवा. आणखी एक. खेळ झाल्यावर रणगाड्याचे बटण बंद करून भागत नाही, बॅटरीची तार सोडवून ठेवावी. बटण चालूच राहिले, तर आतली पाटी थेंब थेंब वीज पीत राहते आणि आठ दिवसांनी लिथियमची बॅटरी मृत सापडते.

साध्या, एकदाच वापरावयाच्या पेन्सिल सेलांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. लहान मापाचे कित्येक रणगाडे त्यांवर चालतात. त्यांना मोठा प्रवाह झेपत नाही, आणि दर आठवड्यास नवे घेण्याचा खर्च आईबापांस झेपत नाही. त्याच आकाराचे निकेल-मेटल हायड्राइडचे भरता येणारे घट घ्यावेत. त्यांतही हळूहळू उतरणारी एक जात २००५ पासून मिळते. भरून ठेवली तर वर्षभरानेही बहुतांश वीज शिल्लक राहते. जुन्या जातीचे घट महिन्याभरातच बरेच उतरतात.

आपल्या गोव्याच्या हवेविषयी मात्र लिहिले पाहिजे, कारण परदेशी खोक्यातील सूचनापत्रांत तिचा उल्लेख नसतो. जून ते सप्टेंबर येथे कपाटातील चपलांनाही बुरशी येते. मग कनेक्टरच्या पत्र्यांचे काय? खाऱ्या, दमट हवेने त्यांवर काळसर किंवा हिरवट थर चढतो. हा थर विजेस अडवतो, जोडणी तापते, प्लॅस्टिक मऊ होते. दहा मिनिटे खेळल्यावर कनेक्टरला बोट लावून पाहावे. तो चांगलाच गरम लागत असेल, तर पत्रे साफ करावेत, सैल झाले असतील तर कनेक्टर बदलावा. आम्ही पाहिलेल्या "बिघडलेल्या" रणगाड्यांपैकी दोन ह्या उपायानेच चालू झाले. पावसाळाभर खेळ बंद राहणार असेल, तर पेन्सिल सेल काढून ठेवावेत. ते गळतात आणि स्प्रिंगा खाऊन टाकतात. निकेलची बॅटरी भरून ठेवली तरी चालते. दोन-तीन महिन्यांनी एकदा तिला वापरून पुन्हा भरावे. लिथियम तुडुंब भरून वा रिकामी करून ठेवू नये, घटामागे ३.८ व्होल्ट, म्हणजे साधारण अर्धी, अशी ठेवावी. बहुतेक चांगल्या चार्जरांत तेवढेच भरून थांबण्याची सोय असते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कोणतीच बॅटरी ठेवू नये, लिथियमची तर नव्हेच.

आखातातून सुटीवर येणारे मामा-काका भाच्यांसाठी ह्या वस्तू आणतात, म्हणून त्यांच्यासाठीही दोन शब्द. सुटी लिथियम बॅटरी विमानाच्या पोटात जाणाऱ्या पेटीत ठेवण्यास मनाई आहे. ती हातातील सामानात, टोके झाकून आणावी लागते. आणि बॅटरी आणावयाची तर तिचा चार्जर बरोबर आणावा. बॅटरी एकटी आणणे म्हणजे अर्धी भेट होय.

मग घ्यावी तरी कोणती? शाळकरी मुलाच्या रणगाड्यासाठी आम्ही विचाराअंती असे म्हणू, की रणगाडा ७.२ व्होल्टचा असेल तर सहा घटांची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आणि आपोआप थांबणारा चार्जर घ्यावा. ती जड असते, तिचा रुबाब नसतो, पण तिच्या हातून होणारी चूक बहुधा पैशांची असते. नव्या रणगाड्याबरोबर कवचातली लिथियम-आयन बॅटरी आलेली असेल तर ती टाकून देण्याचे कारण नाही. तिच्या बरोबर आलेला चार्जर तिच्यापासून कधी वेगळा करू नये आणि भरताना घरातील मोठे माणूस जागे असावे. पॉलिमरची मऊ पिशवी मुलांच्या हाती देऊ नये. हे मत विज्ञानाच्या शिक्षकांना थोडे कडक वाटते. त्यांच्या मते शिस्त असेल तर तीही सुरक्षित आहे. त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु त्या दिवशी सकाळी ती पिशवी त्यांच्या नव्हे, आमच्या हातात होती.

भरताना बॅटरी रणगाड्यातून बाहेर काढावी, फरशीवर किंवा मातीच्या भांड्यात ठेवावी. अंथरुणावर, सोफ्यावर अथवा पुस्तकांच्या ढिगावर कदापि नको. ती फुगलेली, फाटलेली किंवा आपटलेली दिसली तर तिचे आयुष्य संपले असे समजावे. पेटलीच, तर खोलीतून सर्वांनी बाहेर पडावे व अग्निशामक दलास बोलवावे. तिचा धूर विषारी असतो, तो हुंगत विझवण्याची मर्दुमकी करू नये. मेलेल्या बॅटऱ्या केरात टाकू नयेत, जाळू नयेत. आपल्या देशात २०२२ साली झालेल्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. टोकांना चिकटपट्टी लावून त्या इलेक्ट्रॉनिक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्याव्यात. आमच्या कुंडीतील पिशवीही दोन दिवसांनी तशीच रवाना झाली.

तो विद्यार्थी आता दहावीत आहे. ह्या वर्षीच्या प्रदर्शनात त्याचा शर्मन सतरंजीवर गरगर वळून दाखवीत होता आणि एकदाही बंद पडला नाही. पोटाचे झाकण उघडले की आतल्या बाजूस त्याने चिकटवलेली कागदाची पट्टी दिसते. तिच्यावर त्याच्या अक्षरात लिहिले आहे: निकेल, सहा घट, ७.२ व्होल्ट, चार्जर काळा, निळ्या दोऱ्याचा. तसाच निळा दोरा त्याने बॅटरीच्या तारेलाही बांधला आहे.